ईव्हॅपची गळती: एका टाकीच्या नोंदी

गाडी: २०१२ ची जपानी सेडान, १,४८,००० मैल. ठिकाण: एडिसन, न्यू जर्सी. गाडी यंदा लेकीच्या हातात जायची आहे. विंडशील्डवरच्या इन्स्पेक्शन (राज्याची सक्तीची गाडी-तपासणी) स्टिकरवर मुदत एप्रिल २०२५.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि गाडीने पिवळा दिवा लावला. चेक इंजिन. गाडी चालते झकास, आवाज नाही, धक्का नाही, ॲव्हरेजही कमी नाही. ब्लूटूथचा वीस डॉलरवाला स्कॅनर लावला. कोड पी०४५५, म्हणजे ईव्हॅप यंत्रणेत, पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेत, मोठी गळती.

स्वतःसाठी लिहून ठेवतो. पेट्रोल (इथे सगळे गॅस म्हणतात, माझ्या तोंडात अजून पेट्रोलच बसलंय) उघड्यावर उडून जातं. टाकीतली ही वाफ बाहेर जाऊ नये म्हणून ती एका डब्यात नेतात. त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो, तो वाफ धरून ठेवतो. हा कॅनिस्टर. इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाला व्हेंट व्हॉल्व्ह, तिथून ताजी हवा आत येते. कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि बाकी अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून गाड्यांना ही व्यवस्था आहे. १९९६ पासून गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच ती तपासतो: व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत थोडा व्हॅक्यूम ओढतो, मग पर्जही बंद करून टाकीवरच्या प्रेशर सेन्सरकडे बघत बसतो. व्हॅक्यूम टिकला तर ठीक. कुकरचं रबर गेलंय का हे आपण शिट्टीवरून ओळखतो, तसंच.

व्हॅक्यूम जेमतेम तयार झाला किंवा झालाच नाही, तर पी०४५५. साधारण एक मिलिमीटरच्या भोकाला पी०४४२. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला पी०४५६. अर्धा मिलिमीटर म्हणजे सुईचं टोक.

पहिला संशय टाकीच्या झाकणावर. काढून बघितलं, रबराच्या कडेला बारीक भेगा. चला, सापडलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

नवीन झाकण, १४ डॉलर. तीनदा कट्-कट् वाजेपर्यंत फिरवलं. स्कॅनरने कोड पुसला. दिवा गेला.

रात्री दादाला चिंचवडला फोन झाला तेव्हा हौसेने सांगितलं. तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे झाकण हरवलं तर लोक फडकं कोंबून वर्षभर गाडी चालवतात. तुमच्याकडे दिवा काय लागतो, कोड काय येतो!"

१२ जानेवारी २०२५, रविवार

दिवा नाही. दीड महिना झाला. थंडीत बॅटरीचे व्होल्ट बघायला स्कॅनर लावला होता: १२.४, ठीक. स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. ईव्हॅपचं काम संपलं असं इथे लिहितो.

बायकोचं म्हणणं, गॅरेजमध्ये मधूनच पेट्रोलचा वास येतो. बर्फ काढायच्या मशीनमध्ये जुनं पेट्रोल आहे, त्याचा असेल.

१५ मार्च, शनिवार

दिवा परत. पी०४५५ परत.

बर्फ काढायचं मशीन महिन्याभरापूर्वीच बाहेरच्या शेडमध्ये गेलंय. वास मात्र गॅरेजमध्येच आहे.

जानेवारीतला तो बॅटरीचा फोटो सहज उघडला. व्होल्टच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत मॉनिटरची (गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्यांची) यादी होती आणि तिच्यात ईव्हॅपपुढे "अपूर्ण". म्हणजे नोव्हेंबरात मी कोड पुसला, त्याबरोबर आधीच्या सगळ्या तपासण्यांचा हिशेबही पुसला गेला. त्यानंतर गाडीने ही चाचणी एकदाही केलेली नव्हती. दिवा लागला नाही, कारण कोणी तपासलंच नव्हतं. मुलगा परीक्षेला बसलाच नाही आणि मी पेढे वाटले.

का तपासलं नाही? ही चाचणी वाटेल तेव्हा होत नाही. गाडी रात्रभर उभी राहून पार थंड झालेली हवी. इंजिनातलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फार फरक नको. टाकीत पेट्रोल साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान. आणि बाहेर साधारण ४० ते ९५ फॅरेनहाइट, म्हणजे ४ ते ३५ सेल्सिअस. न्यू जर्सीत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ४० फॅरेनहाइट कुठून आणायचे! मार्चमध्ये जरा ऊब आली, गाडीने दोनदा चाचणी केली, दोनदा नापास झाली, दिवा लागला. (पहिल्यांदा नापास झाली की कोड 'पेंडिंग' राहतो, लागोपाठ दुसऱ्यांदा झाली की दिवा.)

झाकणाचे १४ डॉलर अगदीच वाया गेले नाहीत, जुनं खराब होतंच. पण मूळ गळती ती नव्हे.

१६ मार्च, रविवार

काल रात्री रागाच्या भरात नवीन पर्ज व्हॉल्व्ह मागवला, ४८ डॉलर. आज जुना तपासला. क्रम उलटा झाला हे कळतंय.

पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असला पाहिजे. इंजिनजवळून तो काढला, नळीच्या टोकाला तोंड लावून फुंकलं (आधी पुसून घेतलं, तरी दोन तास जिभेवर चव). हवा गेली नाही. बॅटरीच्या १२ व्होल्टला लावला, टक् आवाज, हवा गेली. मल्टिमीटरवर २६ ओहम. व्हॉल्व्ह एकदम ठणठणीत. शिवाय तो उघडा अडकला असता तर पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरली असती. तसं कधी झालेलं नाही. मागवलेला परत पाठवायचा.

मग व्हेंट व्हॉल्व्ह. हा उलट, वीज नसताना उघडा. जागा म्हणाल तर मागच्या ॲक्सलजवळ, कॅनिस्टरच्या कुशीत, जिथे सहा महिने रस्त्यावरचं मीठ उडत असतं. कनेक्टरच्या आत हिरवट बुरशी. ती साफ केली. व्हॉल्व्ह कॅनिस्टरमधून ओढून काढला, १२ व्होल्ट दिले, टक्, फुंकलं, बंद. हाही ठीक. परत दाबून बसवला, खटका लागला.

अंधार पडला. कॅनिस्टर फुटलेला दिसत नाही. वरून हात पोचतो तिथपर्यंतच्या नळ्या चाचपल्या, सगळ्या मऊ, कुठे भेग नाही.

१९ मार्च, बुधवार

ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये विचारलं. न तपासता उत्तर मिळालं: कॅनिस्टर आणि व्हेंट पूर्ण संच बदला, मजुरीसह ८९० डॉलर. स्मोक टेस्ट (यंत्रणेत धूर सोडून गळती शोधणं) करून देता का विचारलं तर, "त्याची गरज नाही, या गाड्यांना हेच होतं."

तिथेच बाकावर बसलेल्या एकाने तोडगा सांगितला. इन्स्पेक्शनमध्ये २००१ आणि पुढच्या गाड्यांना एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतं. कोड पूस, बाकीचे मॉनिटर पूर्ण होईतो गाडी चालव, ईव्हॅप व्हायच्या आत लेनमध्ये जा. पास!

खरं आहे. दिवसभर विचार केला आणि सोडून दिला. आमचं गॅरेज घराला लागून आहे, त्याच गॅरेजमध्ये वॉटर हीटर आहे, त्याच्या पोटात चोवीस तास ज्योत. स्टिकर मिळेल हो, पण पेट्रोलची वाफ तिथेच साठत राहील. आजपासून गाडी बाहेर ड्राइव्हवेवर.

२२ मार्च, शनिवार

स्मोक टेस्टचा दिवस. आज सविस्तर लिहितो.

मशीन ऑनलाइन घेतलं, ११५ डॉलर. आत बेबी ऑइल गरम होऊन पांढरा धूर होतो आणि तो यंत्रणेत हळूच ढकलायचा. एक गोष्ट मात्र पक्की ठरवली होती. कॉम्प्रेसरची हवा वापरायची नाही. टाकीत पेट्रोलची वाफ आहे, तिच्यात आपण होऊन हवा मिसळायची आणि शेजारी गरम कॉइल ठेवायची, हा धंदा मला करायचा नाही. व्यावसायिक लोक नायट्रोजन वापरतात. मंडळातला एक मित्र घरी सोडा बनवतो, त्याच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर आहे. मशीनला बाहेरचा वायू जोडायची सोय आहेच. सिलिंडर आणला, बदल्यात बायकोने बाकरवडी पाठवली.

दाब अर्ध्या पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही. हा दाब किती, तर साधारण तेरा-चौदा इंच पाण्याच्या उंचीएवढा. टाकी, नळ्या, सील सगळं याच हिशेबाने बनवलेलं असतं. जास्त दिला तर नवी गळती आपणच करतो.

मांडणी: गाडी उघड्यावर, किल्ली बंद, अग्निशामक हाताशी. पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढून त्यात धुराची नळी. व्हेंट व्हॉल्व्हला फ्यूज लावलेल्या वायरने १२ व्होल्ट देऊन बंद केला. टाकीचं झाकण उघडं ठेवलं. आधी तिथून धूर दिसू द्यायचा, म्हणजे यंत्रणा भरली हे कळतं. चार मिनिटं गेली. मग फिलरच्या तोंडातून उदबत्तीसारखी रेघ निघाली. झाकण लावलं.

मी गाडीच्या पुढून मागे, पोटावर सरपटत, टॉर्च घेऊन. पर्जची नळी, काही नाही. कॅनिस्टर, काही नाही. टाकीच्या वरची बाजू दिसत नाही, पण धूर वर येताना दिसायला हवा होता. तोही नाही. मशीनवरची छोटी गोळी मात्र काचेच्या नळीत पार वर तरंगत होती. म्हणजे धूर भराभर जातोय. कुठे जातोय?

लेक ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. सतरा वर्षांची आहे, मराठी तिचं घरातलं, देवघरातलं.

"बाबा, इथून धूप येतोय."

"धूप नाही, धूर."

"हो, तोच. चाकाच्या आतून."

चाकाच्या कमानीच्या आत काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, फेंडर लाइनर. त्याच्या वरच्या कडेने धुराचा पातळ पडदा सरकत बाहेर येत होता आणि बंपरकडे वळत होता. चाक काढलं, लाइनरच्या सात क्लिपपैकी दोन हातातच तुटल्या, लाइनर वाकवून टॉर्च आत घातला.

फिलर नेक. झाकणापासून टाकीपर्यंत जाणारी पत्र्याची नळी. वरचा दिसणारा भाग अगदी नव्यासारखा. पण मध्यावर तिला बॉडीशी धरून ठेवणारी एक पट्टी आहे आणि पट्टी व नळी यांच्या फटीत तेरा हिवाळ्यांचं मीठ आणि चिखल बसलेला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टोचलं तर गंजाची खपली निघाली आणि त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं भोक. त्यातून धूर सरळ धारेसारखा. शेजारी आणखी दोन. ओल्या पापडासारखा पत्रा झाला होता.

नोव्हेंबरात मी झाकण काढून नळीत डोकावलो होतो. आतून ती चकचकीत दिसली होती. गंज बाहेरून आत आला होता.

लेकीने व्हिडिओ काढला आणि मैत्रिणींना पाठवला. त्यांना काय कळलं देव जाणे.

२३ मार्च, रविवार

नवीन फिलर नेक मागवला, ९२ डॉलर. सोबत टाकीकडचा रबरी जोड, क्लॅम्प, क्लिपचं पाकीट. तोवर भोकांवर काहीही थापायचं नाही. एपॉक्सीचा सल्ला मिळाला होता, पण असला पत्रा चिकटवायला उरलेला तरी हवा ना.

पेट्रोल मुद्दाम भरलं नाही. काम करताना टाकी पाव भरलेली असावी.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. गुढीची काठी गॅरेजच्या कोपऱ्यात, गडू घासलेला, आणि मी चाकाच्या कमानीत.

बॅटरीची ऋण वायर काढली. झाकण उघडून टाकीतला दाब सोडला. फिलरच्या तोंडाभोवती दहाच्या पान्याचे तीन बोल्ट, ते सहज निघाले. पट्टीचा बोल्ट मात्र हलेना. गंज सोडवणारं तेल कालच मारून ठेवलं होतं, आज परत दोनदा मारलं. पाना लावला की बोल्टचं डोकं गोल होऊ लागलं. छोट्या हातोडीने टोले दिले, मग किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. अर्ध्या तासाने करकरत सुटला. पेटवायची कसलीही शेगडी इथे वापरायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

टाकीकडची रबरी नळी बारा-तेरा वर्षांत पत्र्याशी एकजीव झालेली. ओढायची नाही, आधी पिळायची. पक्कडीच्या जबड्यावर फडकं गुंडाळून थोडी फिरवली, चिकटपणा सुटला, मग निघाली. खाली पातेलं ठेवलं होतं, कपभर पेट्रोल सांडलं त्यात. बाजूची बारीक वाफेची नळी वेगळी, तिचा क्लॅम्प नवा घातला.

जुना नेक हातात घेतला तर पट्टीच्या जागी दुमडलाच.

नव्यावर पट्टीखालच्या जागी अंडरकोटिंगचे दोन हात मारले, वाळू दिले, बसवला. सगळं आधी हाताने बसवून मग घट्ट केलं. नाही तर नेक तिरका राहतो आणि पंपाचं नोझल आत अडतं. बॅटरी जोडल्यावर कोड पुसला. सिलिंडर मित्राला आजच हवा होता, उद्या त्याच्याकडे तीस माणसं जेवायला. परत धूर सोडून बघायचं राहिलं. बघायला हवं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

वास नाही. चार दिवस नाक लावून बघतोय.

मॉनिटर: ईव्हॅप अपूर्ण. दोन सकाळी थंड होत्या, ३४ आणि ३६ फॅरेनहाइट. काल ४५ होते, तरी चाचणी झाली नाही. कारण परवा बायको पेट्रोल भरून आली आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली.

यात तिचा दोष नाही. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्याने स्वतःच्या हाताने पेट्रोल भरता येत नाही, आता तर असं हे एकच राज्य उरलंय. पंपावरचा माणूस भरतो, नोझल टक् करून बंद झालं की रक्कम गोल करायला आणखी दोनदा दाबतो. आणि १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने गाड्यांत अशी सोय आली की भरताना निघणारी वाफही कॅनिस्टरमध्येच जाते. त्यामुळे टक् झाल्यावर दाबलेलं पेट्रोल वाफ न होता पातळ रूपातच कॅनिस्टरकडे जाऊ शकतं. कोळसा एकदा भिजला की संपला. झाकण घट्ट करणाराही तोच माणूस. दहा वर्षांत ते झाकण मी स्वतः वीस वेळा तरी फिरवलं असेल का, शंका आहे.

बायकोला सांगितलं, यापुढे "वीस डॉलर फक्त".

९ एप्रिल, बुधवार

टाकी ६० टक्के, सकाळी ४७ फॅरेनहाइट, रात्रभर गाडी उभी. ऑफिसला पोचलो, स्कॅनर लावला. ईव्हॅप: पूर्ण.

आणि पेंडिंगमध्ये पी०४५६.

पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

मग डोकं चालवलं. दिवा लागलेला नाही, अजून एक संधी आहे. पी०४५५ गेला, म्हणजे नेकचं काम बरोबर. आता जी आहे ती सुईच्या टोकाची. ती आधीपासून होती की नवी? मोठं भोक असताना छोटं दिसत नाही. २२ तारखेला सगळा धूर नेकच्या भोकांनी पळत होता, दुसरीकडे ढकलायला दाबच उरत नव्हता.

या वेळी कोड पुसलेला नाही. पुसला तर बाकीचे मॉनिटरही परत शून्यावर येतील. शिवाय या गाडीत नोव्हेंबर-मार्चचा कोड "कायम" यादीतही बसलाय. तो स्कॅनरने पुसलाच जात नाही, गाडीची स्वतःची चाचणी पास झाली तरच जातो. पुसून पळणाऱ्यांसाठीच ती यादी केली असावी.

१२ एप्रिल, शनिवार

आज धुराआधी आकडे. हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप पर्जच्या नळीला लावला. व्हेंटच्या हवेच्या नळीत रबरी बूच. किल्ली ऑन, इंजिन बंद, फोनवर टाकीचा प्रेशर सेन्सर लाइव्ह. तीसेक वेळा पंप दाबल्यावर आकडा उणे १५०० पास्कलवर आला, म्हणजे साधारण सहा इंच पाणी. पंप सोडला, घड्याळ लावलं.

लेक आकडे वाचत होती. "मायनस चौदाशे... तेराशे... बाबा, पळतोय." दीड मिनिटात उणे ७००.

गळती खरी आहे, सेन्सरचा खेळ नाही.

मित्राचा सिलिंडर परत आणला (या वेळी चकल्या). दाब दिला, धूर सोडला. नेक कोरडाठाक. बाकी कुठेही धूर दिसेना, गोळी मात्र तळापासून जराशी उचललेली. एवढ्या बारीक भोकातून येणारा धूर वाऱ्यावर लगेच विरतो. मग साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण, थोडं पाणी, रंगाचा ब्रश. एकेक जोड रंगवत गेलो. पर्जची नळी, काही नाही. टाकीवरचा दिसतो तेवढा जोड, काही नाही. कॅनिस्टरच्या तीनही नळ्या, काही नाही.

व्हेंट व्हॉल्व्ह कॅनिस्टरमध्ये घुसतो त्या गोल कडेवर ब्रश फिरवला. खालच्या अंगाला फेस आला. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, एकाच जागेतून. पुसलं, परत लावलं, परत तिथेच.

हा व्हॉल्व्ह १६ मार्चला मी काढला होता. मीच तपासून परत दाबला होता आणि वर "खटका लागला" असं लिहूनही ठेवलंय. काढून बघितला. ओ-रिंग (सील करणारी गोल रबरी कडी) जुनी, चपटी, आणि एका ठिकाणी कडेखाली सापडून अर्धवट कापली गेलेली. कोरडी तशीच दाबल्यावर दुसरं काय होणार. बाहेरून व्हॉल्व्ह नीट बसलेला दिसत होता.

म्हणजे ही दुसरी गळती गाडीची नव्हे, माझी. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग ८९० मध्ये त्यांनी हे बदललं असतं ना?" बदललं असतं. नेक मात्र तसाच राहिला असता.

नवी ओ-रिंग पेट्रोल सोसणाऱ्या रबराची हवी, नळाच्या दुकानातली साधी चालत नाही. ऑटो पार्ट्सवाल्याकडे मापाची मिळाली, तीन डॉलर. खाच कापडाने पुसली, मिठाचे कण निघाले. रिंगला तेलाचं बोट फिरवलं, व्हॉल्व्ह सरळ धरून हळू दाबला.

पुन्हा उणे १५००. पाच मिनिटांनी उणे १३८०. साबण लावला, फेस नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सोमवारी आणि मंगळवारी चाचणी झालीच नाही, सकाळी थंडी. आज झाली. ईव्हॅप पूर्ण, पेंडिंग रिकामं. कायम यादीत पी०४५५ अजून आहे. आणखी एक-दोन फेऱ्यांत जाईल.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी साडेसातला इन्स्पेक्शनच्या रांगेत. पुढे अकरा गाड्या. लेकीला शेजारी बसवून नेलं, बघू दे. आमच्या गाडीच्या वयाच्या गाड्यांच्या धुराड्यात इथे आता नळी घालत नाहीत, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये वायर लावून गाडीलाच विचारतात. मिनिटभराचं काम. माणसाने जुनं स्टिकर खरवडलं, नवीन लावलं, २०२७. लेक म्हणाली, "एवढंच?"

घरी येऊन स्कॅनर लावला. कायम यादी रिकामी.

२६ एप्रिल, शनिवार

हिशेब: झाकण १४, धुराचं मशीन ११५, नेक ९२, रबरी जोड, क्लॅम्प आणि क्लिप मिळून ३१, ओ-रिंग ३. पर्ज व्हॉल्व्हचे ४८ परत आले, पाठवणीचे ७ गेले. बाकरवडी-चकली धरलेली नाही. मशीन मंडळातल्या दोघांनी आताच मागून ठेवलंय. त्यातल्या एकाला कोड पी०४५५ आणि त्याने झाकण आधीच बदललंय, दिवाही गेलाय म्हणे. त्याला मॉनिटरच्या यादीचा फोटो पाठवायला सांगितलं.

गाडी परत गॅरेजमध्ये. पेट्रोल लेक भरून आणते आता. काच खाली करून पंपावरच्या माणसाला आधीच सांगते, टक् झालं की थांबा. तो हसतो म्हणे.

क्लिप मागवल्या त्या चुकीच्या मापाच्या निघाल्या. लाइनरच्या दोन जागी सध्या झिप टाय.